खिएमचा चेहरा

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही एक चित्र काढलंत. अगदी जीव ओतून काढलंत. आणि ते पुरं होताच स्वतःच्याच हातानं त्यावर काळा रंग फासलात, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आतलं काहीच दिसू नये असा. आता तो थर वाळेपर्यंत थांबायचं. मग पाणी घालून हलक्या हातानं घासायचं, की आतलं चित्र हळूहळू वर येऊ लागतं. कमी घासलं तर दिसत नाही, जास्त घासलं तर काळ्याबरोबर चित्रही जातं. तांबड्या नदीकाठच्या एका गावात पिढ्यान्‌पिढ्या लोक अशीच चित्रं करत आले आहेत. आता आणखी थोडी कल्पना करा. त्या काळ्या थराखाली एका माणसाचा चेहरा आहे. आणि तो जिला बघायचा आहे, तिची नजर दर दिवशी थोडी थोडी विझते आहे.

घरामागच्या शेडमध्ये तोआन त्या थरावर ओणवा झाला आणि त्यानं तोंड उघडून सावकाश श्वास सोडला. तो काळा रंग म्हणजे एका झाडाचा चीक. तो वाळला असेल तर त्यावर श्वासाचं धुकं धरतं. ओला असेल तर धरत नाही. धुकं धरलं नाही.

"काय म्हणतोय?" दारातून बांगनं विचारलं. बांग त्याच्याबरोबर अशाच चित्रांच्या कारखान्यात कामाला होता. रोज संध्याकाळी गुडगुडी ओढायला इकडे यायचा.

"कोण काय म्हणतोय?"

"तुझा भाऊ. एवढा तोंडाला तोंड लावून बोलतोयस, म्हटलं काहीतरी उत्तर देत असेल."

"अजून ओला आहे," तोआन म्हणाला.

"असणारच. बाहेर वारा बघितलास? माझ्या बायकोनं धुणं वाळत घातलं आणि दुसरं टोक पिळेपर्यंत पहिलं वाळलं. अशा हवेत हा चीक वाळतो होय?"

जगातले बाकीचे रंग उन्हावाऱ्यात वाळतात. या झाडाचा चीक मात्र दमट हवेत वाळतो. भिंतींना पाझर फुटतो, कपड्यांना कुबट वास येतो, अशा हवेत तो दगडासारखा घट्ट होतो. आणि उत्तरेचा कोरडा वारा सुटला, ओठ फुटायला लागले, की चीक आपला तसाच ओला. नवीन वर्षाचा सण, तेत, तोंडावर आला होता आणि त्या वर्षी वारा नेमका आधीच फिरला होता.

तोआन काही मोठा चित्रकार नव्हता. कारखान्यात तो पाठी रंगवायचा. फळी एका बाजूनंच रंगवली तर वाकते, म्हणून मागच्या बाजूलाही चिकाचे तेवढेच थर द्यावे लागतात. पुढच्या बाजूला कमळं, मासे, बांबूची बेटं यायची. ती दुसरे लोक काढायचे. मागची सपाट काळी बाजू तोआनची. ती भिंतीकडे तोंड करून टांगली जायची. वीस-बावीस वर्षं त्यानं हेच केलं, आणि त्याची काळी पाठ इतकी नितळ असायची की कारखान्यातल्या मुली तिच्यात बघून केस सारखे करायच्या. चेहरा त्यानं जन्मात काढला नव्हता.

पण हा चेहरा दुसरं कोणी काढूच शकत नव्हतं. तोआनचा थोरला भाऊ खिएम अठराव्या वर्षी सैन्यात गेला, ट्रकमधून दक्षिणेकडे गेला आणि परत आला नाही. काही वर्षांनी घरी एक कागद आला. दक्षिणेच्या आघाडीवर कामी आला, एवढंच त्यात लिहिलं होतं. घरात त्याचा एक फोटो होता. बांध फुटला त्या वर्षीच्या पुरात कपाटासकट तो वाहून गेला. पूर्वजांच्या देव्हाऱ्यात बाकी सगळ्यांचे चेहरे होते, आणि खिएमच्या जागी चौकटीत बसवलेलं सरकारी सन्मानपत्र होतं. त्याचा चेहरा जगात दोनच माणसांना ठाऊक होता. एक त्याची आई. दुसरा तोआन, आणि तो तेव्हा नऊ वर्षांचा होता.

त्या गावात बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावानं ओळखतात. म्हातारीला सगळे खिएमची आई म्हणत. मासळीवाली म्हणायची, "खिएमच्या आई, आज ताजी कोळंबी आहे." शेजारीण म्हणायची, "खिएमच्या आई, थोडा चुना द्या." मुलगा जाऊन पंचवीस-सव्वीस वर्षं झाली, तरी त्याचं नाव दारात रोज उच्चारलं जायचं आणि म्हातारी रोज त्या नावाला ओ द्यायची.

मग तिच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जितकी टिकेल तितकी. घरी आल्यावर म्हातारी तोआनला म्हणाली, "मला बाकी काही बघायचं नाही. एकदा त्याला बघू दे. आजकाल मी डोळे मिटले की तो येतो, पण तोंड फिरवून बसतो."

तोआननं कोळशानं कागदावर चेहरा काढून नेला. म्हातारीनं तो खिडकीशी धरला, जवळ नेला, लांब नेला.

"कोरा कागद कशाला दाखवतोस रे?"

वाट दाखवली ती त्याच्या बायकोनं, लान्हनं. तिच्या लक्षात आलं होतं की चिनीमातीच्या पांढऱ्या वाडग्यात भात दिला की सासूबाई अर्धा तसाच टाकतात, आणि चिकाच्या काळ्या वाडग्यात दिला की शेवटच्या शितापर्यंत वेचून खातात.

"अहो, त्यांना काळ्यावरचं पांढरं दिसतंय," लान्ह म्हणाली. "बाकी सगळं त्यांच्यासाठी राखेसारखं झालंय."

काळ्यावर पांढरं. चिकाच्या चित्रात पांढरा रंग नसतोच. तिथं पांढऱ्यासाठी बदकाच्या अंड्याची कवचं लावतात, चिमटीत मावतील असे तुकडे करून, एकेक. तोआनची सात वर्षांची मुलगी मियेन बाजाराच्या कोपऱ्यावरच्या अंडीवाल्या बाईकडून टोपलीभर कवचं घेऊन आली. आतला पापुद्रा नखानं सोलून काढायचं काम तिचंच. बाप-लेक फळीपाशी समोरासमोर बसून तो चेहरा लावत गेले.

"बाबा, काका कसे दिसायचे?"

"मागून चांगले दिसायचे."

"मागून?"

"मी त्याच्या सायकलवर मागं बसायचो ना. त्याची मान, कान, शर्टाची कॉलर मला अजून आठवते. पुढून..." तोआन थांबला. "पुढून आजीला विचारत विचारत काढू."

म्हातारी पडल्या पडल्या सांगायची. कपाळ रुंद. गाल बसलेले, त्या दिवसांत पोटभर कोण जेवत होतं? नाक माझ्या बापाचं, टोकाला जरा बसकं. तोआन तसे तुकडे लावायचा, काढायचा, परत लावायचा. पण हे बरोबर आहे का ते तिला दाखवता येत नव्हतं. कवचं फळीवर पक्की बसावीत म्हणून त्यांच्या फटींत आणि वरून चीक भरावा लागतो. तो काळा थर वाळून घासला की मगच पांढरं वर येतं. तोवर सगळा काळोख.

आणि इथंच तोआन चुकला. पहिला पातळ हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसरा पातळ हात. कारखान्यात नवी पोरं आली की तो स्वतः त्यांचे कान धरून हे शिकवायचा. पण त्या दिवशी म्हातारी चहाचा पेला टेबलावर ठेवायला गेली आणि पेला टेबलाच्या बाहेर, हवेत सोडून मोकळी झाली. फुटल्याचा आवाज ऐकून तोआन उठला, शेडमध्ये गेला आणि त्यानं दोन हातांचा चीक एकदमच दिला. जाड.

बांगनं दुसऱ्या दिवशी फळी कडेनं उजेडात धरून बघितली आणि गुडगुडी खाली ठेवली.

"तोआन, हे तू केलंस?"

"वेळ नाही रे."

"वेळ नाही म्हणून एवढा जाड? दुधासारखं होईल. वर साय धरेल आणि खाली दूध ते दूधच."

"वाळेल. जरा ओल मिळाली की वाळेल."

ओल मिळवण्यासाठी त्यानं काय नाही केलं? शेडच्या भिंतींना भिजलेली पोती टांगली. जमिनीवर तळ्याचं पाणी शिंपडलं. दुपारपर्यंत पोती कडकडीत. मग त्यानं लान्हनं सणासाठी शिवलेली नवी रजई उचलली आणि हौदात बुडवली.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" लान्ह हातातली पानं टाकून धावत आली. सणाचा भात पानांत बांधून उकडायचा, म्हणून ती पानं धूत होती. "पोर काय पांघरणार?"

"कापूस ओल धरून ठेवतो."

"आणि थंडीनं पोर ताप धरून ठेवेल, त्याचं काय?" पण तोआनचा चेहरा बघून ती गप्प झाली. रजईचं दुसरं टोक तिनंच पिळलं. "एवढी पिळू नका," ती म्हणाली, "नाहीतर भिजवली कशाला?"

रजईसुद्धा पुरली नाही. शेवटी बांगच म्हणाला, "विहिरीत सोड. सबंध गावात ओल कुठं असेल तर तिथं."

अंगणातल्या विहिरीत, पाण्याच्या हातभर वर, दोरानं बांधून त्यांनी फळी आडवी टांगली. चीक ओघळू नये म्हणून तोंड वर ठेवलं आणि धूळ पडू नये म्हणून वरून टोपलं झाकलं. त्या विहिरीवर गल्लीतल्या चार घरांचं पाणी होतं. पण कोणी बादली सोडेना. बायका तळ्यावर जाऊ लागल्या.

"काय ग, आज तळ्यावर?" एकीनं विचारलं की दुसरी सांगायची, "खिएम आलाय ना विहिरीत."

म्हातारीच्या कानावर हे गेलंच. "ऐकलं ते खरं का रे? माझ्या पोराला विहिरीत टांगलास?"

"वाळायला ठेवलाय आई."

"लहानपणी एकदा पडला होता त्यात. बाहेर काढला तेव्हा हातात बेडूक होता." ती बोळक्या तोंडानं हसली. मग तिनं विचारलं, "कधी काढशील?"

"लवकरच."

"लवकर म्हणजे किती लवकर ते मला सांगू नकोस. फक्त लवकर काढ."

तोआन दिवसातून कितीदा तरी विहिरीवर जायचा, दोर ओढायचा, श्वास सोडायचा. कारखान्यात तो पाठी रंगवत असायचा आणि मनानं विहिरीच्या काठावर उभा असायचा. जेवताना घास हातात राहायचा. मियेन त्याला आठवण करायची, "बाबा, खा." तो खायचा आणि काय खाल्लं ते त्याला सांगता आलं नसतं.

एक दिवस धुकं धरलं. अर्ध्या भागावर धरलं, अर्ध्यावर विरळ. त्यानं बोट टेकवून बघितलं. बोट चिकटलं नाही. पण कडेला, जिथं थर सगळ्यात जाड होता, तिथं बारीकशी सुरकुती पडलेली त्याला दिसली. सुरकुती म्हणजे वर साय आणि खाली चीक अजून ओलाच, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. त्यानं फळी परत खाली सोडली आणि बांगला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलं लख्ख ऊन पडलं होतं. खिडकीतून ते म्हातारीच्या पांघरुणावर आलं होतं. मियेन तिच्यासाठी पेज घेऊन गेली.

"बाई ग, एवढ्या पहाटे कशाला उठलीस?" म्हातारी म्हणाली. "आणि दिवा लाव की, पडशील."

मियेन काळं वाडगं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं ते खाली ठेवलं आणि अंगणात पळत गेली.

तोआननं सगळं ऐकून घेतलं. विहिरीवर गेला, दोर ओढला, फळी काढून ओसरीवर भरउन्हात ठेवली. पाण्याची बादली घेतली, पॉलिश पेपर घेतला.

"अहो, वाळलाय का?" लान्हनं विचारलं.

"अजून उजेडाचा काही कण तिच्या डोळ्यांत असेल. एवढं ऊन आहे. उन्हात पांढरं धरलं तर दिसेल."

"मी वाळलाय का ते विचारतेय."

त्यानं पाणी ओतलं आणि घासायला सुरुवात केली.

कपाळापासून घासलं. हात गोल गोल, हलका, बावीस वर्षांचा मुरलेला. काळं पाणी वाहू लागलं. थोड्या वेळानं त्या काळ्यात एक पांढरा ठिपका उगवला, मग दुसरा, मग सगळं कपाळ पहाटेसारखं उजळत आलं. मियेन श्वास रोखून बघत होती. लान्ह डोक्याला बांधलेल्या रुमालाचा कोपरा तोंडात धरून उभी होती. त्यानं भुवया घासल्या. एक कान घासला. मग तो डाव्या गालाकडे वळला. तिथं थर जाड होता, म्हणून त्यानं हात थोडा दाबला.

कागदाखाली काहीतरी सरकलं.

उकळून गार झालेल्या दुधावरची साय बोटानं ओढली तर कशी दुमडते? तसाच तो काळा पापुद्रा दुमडला. खालचा चीक ओला, मधासारखा. आणि त्या चिकात रुतलेली कवचं पापुद्र्याबरोबर निघाली, ओंजळभर, सबंध गाल. ती पाण्याबरोबर ओसरीच्या पायरीवरून खाली गेली.

तोआननं हात उचलला. तो हात तसाच हवेत राहिला. मग त्यानं खाली वाकून पायरीवरचे तुकडे गोळा करायला सुरुवात केली, चिखलातून, बोटांनी चाचपडत. एक सापडला तो उलटा लावून बघितला. घसरला. परत लावला. परत घसरला.

"अहो," लान्ह म्हणाली. "अहो, राहू दे."

"बसेल. थांब, बसेल."

"नाही बसत."

"मला शिकवू नकोस!" तो ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच ओरडला असावा, कारण मियेन दचकून मागं सरली. आणि लगेच त्याचा आवाज गेला. "मी पोरांना शिकवतो ग हे. कान धरून शिकवतो. पातळ हात द्या, पातळ हात द्या."

भिंतीला हात लावत म्हातारी ओसरीवर आली होती. ऊन तिच्या तोंडावर सरळ पडलं होतं, पण तिच्या पापण्या मिटल्या नाहीत.

"थांबलास का रे? घासायचा आवाज थांबला."

तोआननं हातातले तुकडे मुठीत धरले.

"झालं का? कुठं आहे तो?" ती वाकली, चाचपडत खाली बसली आणि तिनं हात पुढं केला.

"आई, हात लावू नकोस!" तोआननं तिचं मनगट धरलं. "ओला आहे अजून. चीक अंगाला खातो, हात सुजतील."

"या हाडांत आता त्याला खायला काय मिळणार आहे?" म्हातारीनं मनगट सोडवून घेतलं. "सोड. मी यायला उशीर केला असेल, नाहीतर तू केला असशील. आता भांडायचं कशाला?"

तिचा तळहात फळीवर टेकला. आधी एका कडेवर, मग वर कपाळावर. घासलेला भाग गुळगुळीत झाला होता, तिथं बोटं नुसती घसरली. ती खाली आली, न घासलेल्या अर्ध्यावर, तिथं कवचांच्या कडा अजून वर उठलेल्या होत्या. तिथं बोटं सावकाश चालू लागली.

"हे नाक. हो. हे बरोबर आहे." बोटं बाजूला गेली. "आणि कान केवढे काढलेस रे! हत्ती होता का तो?"

"मागून तेवढेच दिसायचे," तोआन म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. तोंडावर दंड दाबून तो तसाच रडला.

म्हातारीची बोटं डाव्या गालावर आली आणि थांबली. तिथं खळगा होता. कडा फाटलेल्या, आत ओलं, चिकट. तिनं बोट त्या खळग्याभोवती फिरवलं. परत फिरवलं. तिचा आवाज एकदम लहान झाला.

"इथं लागलं होतं का रे त्याला?"

लान्हनं तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत म्हातारीनं हा प्रश्न कोणालाच विचारला नव्हता. त्या कागदालासुद्धा नाही.

"नाही आजी," मियेन म्हणाली. "हे आत्ता झालं. बाबांनी घाई केली ना, म्हणून निघालं."

"आत्ता झालं?"

"हो. मी बघितलं. काकांना नाही लागलं तिथं."

म्हातारीनं मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिली. "असं होय," ती म्हणाली. मग तिनं हात उचलून दुसऱ्या, न घासलेल्या गालावर ठेवला, आणि तो तिथंच राहिला.

"आई," तोआननं विचारलं, "तोच आहे का ग?"

"थांब. अजून बघत्येय मी."

तिचं बोट ओठांच्या कोपऱ्याशी आलं. "मियेन, तुझा काका हसायला लागला ना, की आधी इथून हसायचा. एकाच बाजूनं. दुसरी बाजू मागाहून यायची."

ओल्या चिकाला हात लावायचा नाही, हा त्या घरातला पहिला नियम होता. गेल्या वर्षी मियेननं तो मोडला होता तेव्हा तिचे डोळे सुजून बंद झाले होते. लान्हनं तिला पुढं सरकताना बघितलं, ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

मियेननं हात फ्रॉकला पुसला. आजीला खेटून बसली. डोळे घट्ट मिटले. आणि आजीच्या हाताशेजारी आपला हात ठेवून तीही बघू लागली.